सर्व्हरचा सातबारा

संगणकांच्या जगात एक जात अशी आहे, जिची गत एकत्र कुटुंबातल्या मधल्या सुनेसारखी असते. मान थोरलीला, लाड धाकटीचे आणि चूल हिच्या गळ्यात. मोठाल्या बँकांतल्या मेनफ्रेमचा दरारा हिला नाही, टेबलावरच्या पीसीचं कौतुकही नाही. पण पगारपत्रक, गोदामाचा हिशेब, बिलं आणि कंपनीभरचा पत्रव्यवहार ही सगळी धुणीभांडी हीच काढते. या जातीचं सगळ्यात गाजलेलं यंत्र म्हणजे आयबीएमने २१ जून १९८८ रोजी जाहीर केलेलं एएस/४००. त्याच्या पुढच्याच वर्षी लोटस नोट्स नावाचं सॉफ्टवेअर आलं. टपाल, वेळापत्रक, सामाईक नोंदवह्या, अर्ज आणि त्यावरच्या मंजुऱ्या असा सगळा संसार त्यात होता. १९९५ साली आयबीएमने लोटस कंपनी सुमारे साडेतीन अब्ज डॉलरला विकत घेतली. या सॉफ्टवेअरचा सर्व्हर डॉमिनो नावाने ओळखला जाऊ लागला आणि ते दशक संपायच्या आत तो एएस/४०० वर नांदायलाही आला. तो नीट कसा नांदवावा यावर इंग्रजीत जाडजूड ग्रंथ आहेत. माझं म्हणणं एवढंच, की या ग्रंथांतलं शहाणपण बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही तलाठी सज्जाच्या दप्तरात आधीपासून बांधून ठेवलेलं आहे. सर्व्हर सांभाळणं हे यंत्रशास्त्र कमी आणि दप्तरशास्त्र जास्त आहे. ज्याला दप्तर कळलं त्याला डॉमिनो कळायला आठवडा पुरे. ज्याला दप्तर कळलं नाही, त्याच्या भिंतीवर प्रमाणपत्रं कितीही असोत, त्याचा सर्व्हर सोमवारी सकाळीच बसणार.

पहिला पुरावा नावांचा घेऊ. एएस/४०० चं पुढे आयसीरीज झालं, मग सिस्टीम आय झालं, आणि २००८ पासून त्याच्या ऑपरेटिंग सिस्टीमला आयबीएम आय म्हणतात. तरी यंत्राशी रोज बोलणारी माणसं आजही ‘चारशे’च म्हणतात. बीडच्या माणसाला यात काडीचं नवल वाटणार नाही. निजामाच्या राज्यात जो पटवारी होता त्याचा तलाठी झाला, आणि आता सरकारने त्याचं ग्राम महसूल अधिकारी केलं. पण बांधावरून ‘तलाठ्याला बोलवा’ अशीच हाक जाते. अंबाजोगाईचं नाव एके काळी मोमिनाबाद होतं, पण त्या काळात योगेश्वरी देवीने काही मुक्काम हलवला नाही. डॉमिनोही २०१९ मध्ये आयबीएमच्या घरून एचसीएलच्या घरी गेला, म्हणजे अमेरिकेतून निघून नोएडाला पोचला. यातून व्यवस्थापनाचा पहिला धडा निघतो: सर्व्हरला नाव देताना मालकाचं, मजल्याचं किंवा सध्याच्या साहेबांचं देऊ नये. मालक विकतो, मजला बदलतो, साहेबांची बदली होते, आणि सर्व्हरचं नाव मात्र हजार ठिकाणी लिहिलेलं असल्यामुळे तिथेच राहतं. जमिनीला गट नंबर असतो, तो मालकाच्या नावावर बेतलेला नसतो, यामागे पिढ्यांची अक्कल आहे.

दुसरा पुरावा अधिकारांचा, आणि तो सगळ्यात रसाळ आहे. डॉमिनोच्या प्रत्येक नोंदवहीवर कोण काय करू शकतो याच्या सात पायऱ्या असतात. वरून मोजायचं तर मॅनेजर, डिझायनर, एडिटर, ऑथर, रीडर, डिपॉझिटर आणि सगळ्यात खाली प्रवेशबंदी. नवख्या माणसाला या सात पायऱ्या पाठ करायला तीन दिवस लागतात. बीडच्या शेतकऱ्याला त्या एका खरेदीखतात कळतात. जमीन घेतली की तलाठी फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, नोंद धरतो. हा झाला ऑथर. नोंद धरली म्हणून ती प्रमाण होत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे ती चावडीवर लावायची, हितसंबंधितांना नोटीस द्यायची, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबायचं, आणि मग मंडळ अधिकाऱ्याने, गावच्या भाषेत सर्कलने, ती मंजूर करायची. हा झाला एडिटर. मोबाइलवर १५ रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा उतरवणारा तो रीडर. नोंदवहीचे रकाने आणि नमुने ठरवणारा वर कुठेतरी बसलेला डिझायनर. त्याला गावचा एकही गट माहीत नसतो, आणि नसावाच. राहिला डिपॉझिटर. या माणसाला नोंदवहीत कागद टाकता येतो, पण आत काय आहे, टाकलेल्या कागदाचं पुढे काय झालं, हे बघता येत नाही. पुस्तकवाले ही पायरी समजावताना मतपेटीचं उदाहरण देतात. तहसील कार्यालयाच्या आवक टेबलावर अर्ज देऊन पोच घेतलेल्या माणसाला उदाहरणाची गरज पडत नाही.

आता नेहमीची चूक बघा. नवा व्यवस्थापक रुजू होतो, पहिल्याच आठवड्यात कुणीतरी तक्रार करतं की अमुक नोंदवही उघडत नाही. प्रत्येकाला नेमका कोणता अधिकार हवा हे शोधण्यात दुपार जाईल म्हणून तो सगळ्यांना मॅनेजर करून टाकतो. साहेबांना तर आधीच केलेलं असतं, कारण साहेबांना एडिटर करणं म्हणजे त्यांना सतरंजीवर बसवल्यासारखं वाटतं. ही चूक किती मोठी आहे हे दप्तराच्या भाषेत सांगतो: गावातल्या प्रत्येक खातेदाराला तलाठ्याचं लॉगिन देऊन ‘आपापला सातबारा आपणच नीट करून घ्या’ म्हणायचं. महिन्याभरात गावाचं एकूण क्षेत्रफळ तालुक्याएवढं होईल. एएस/४०० वर तर याहून मोठं खातं असतं, क्यू-सेक-ऑफर नावाचं, म्हणजे सुरक्षा अधिकाऱ्याचं. त्याला सगळ्या दारांच्या चाव्या असतात. नावात ऑफर आहे म्हणून ते सगळ्यांना द्यायचं नसतं. रोजचं काम साध्या खात्याने करावं, हे बंद पाकिटात ठेवावं, आणि पाकीट केव्हा, कुणी, कशासाठी फोडलं याची नोंद वहीत असावी. तसंच अधिकारांच्या यादीत ‘डिफॉल्ट’ नावाची एक ओळ असते, तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. डिफॉल्ट म्हणजे ज्यांची नावं यादीत नाहीत ते सगळे. तिथे काय लिहिलंय ते आधी बघावं. वाड्याच्या पुढच्या दाराला पितळी कुलूप आणि परसदार सताड उघडं, असं बहुतेक ठिकाणी सापडतं.

तिसरा पुरावा माणसं येण्या-जाण्याचा. सर्व्हरवरचा सगळ्यात मोठा कचरा म्हणजे सोडून गेलेल्या माणसांची जिवंत खाती. या बाबतीत बीड जिल्ह्याइतका अनुभव दुसऱ्या कुणाच्या गाठीशी नसेल. इथून दिवाळीच्या आगेमागे लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि कारखान्याचा पट्टा पडला की परततात. कोण गेलं, कुणाबरोबर गेलं, किती उचल घेतली, मध्येच कोण परत आलं, हे मुकादमाच्या वहीत ओळीने असतं. इथे मोजणीचं एककही बघण्यासारखं आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. सॉफ्टवेअर कंपन्या लायसन्स माणशी मोजतात, आपली कार्यालयं मात्र ते कोयत्याने वापरतात: एक खातं, दोन माणसं, पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला. मग नोंद कुणी केली असं विचारलं की दोघं एकमेकांकडे बघतात. डॉमिनोमध्ये गेलेल्या माणसासाठी नकारयादी असते. माणूस गेला की आधी त्याचं नाव त्या यादीत टाकायचं, मग सवडीने खातं काढायचं. क्रम उलटा केला तर त्याचा जुना आयडी घरच्या लॅपटॉपवर शिल्लक असतो आणि दार उघडंच राहतं.

इथे कुणी म्हणेल, मुकादमाची वही हा काय आदर्श झाला? त्या वहीवरून तर मजूर वर्षानुवर्षं गाऱ्हाणं मांडतात. उचल फिटता फिटत नाही आणि वही दिसता दिसत नाही. हरकत रास्त आहे, आणि तिने माझा मुद्दा उलट पक्का होतो. यादी नेटकी असणं पुरेसं नाही, ती एकाच हातात असता कामा नये. डॉमिनोमध्ये नवी खाती ज्याच्या जोरावर तयार होतात त्या प्रमाणक आयडीला एकाऐवजी अनेक पासवर्ड लावता येतात. ठरलेली माणसं हजर असल्याशिवाय तो उघडत नाही. ही सोय बहुतेक ठिकाणी कुणी वापरत नाही, कारण एकट्याने कुलूप उघडण्यात जी ऐट आहे ती तिघांनी उघडण्यात नाही. ज्या कार्यालयात ‘ते फक्त अमक्यालाच माहीत आहे’ असं अभिमानाने सांगतात, तिथे अमका रजेवर जायची तेवढी वाट बघायची.

चौथा पुरावा भांडणांचा. डॉमिनोची नोंदवही एकाच वेळी अनेक सर्व्हरवर असू शकते आणि त्या प्रती अधूनमधून एकमेकींशी जुळवून घेतात. मधल्या काळात एकच कागद दोघांनी दोन ठिकाणी बदलला तर तंटा उभा राहतो. यंत्र तो कसा सोडवतं? ज्याने कागद जास्त वेळा सेव्ह केला तो जिंकतो. दोघांचं सारखं असेल तर ज्याने शेवटी केला तो. हरलेली प्रत जिंकलेल्या कागदाखाली तंटा म्हणून लटकत राहते, वाटणीत पडीक तुकडा मिळालेल्या धाकट्या भावासारखी. यात सत्याचा काही संबंध नाही. बांधाच्या भांडणातही जो तहसीलला जास्त खेटे घालतो त्याचंच पारडं जड होतं, हे यंत्राने कुठून शिकलं कोण जाणे. म्हणून व्यवस्थापकाने हे तंटे यंत्राच्या न्यायावर सोडू नयेत. कोणत्या नोंदवहीत कोण लिहिणार ते आधीच वाटून द्यावं आणि लटकलेल्या प्रती आठवड्यातून एकदा माणसाने बसून निकाली काढाव्यात. हस्तलिखित सातबारा आणि संगणकीय सातबारा यांचा मेळ घालताना महसूल खात्याला हेच करावं लागलं. २०१७ साली राज्यभर चावडी वाचन झालं: संगणकातला सातबारा गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचायचा आणि चुका जागेवर टिपायच्या. डोळ्यांसमोर आणा. खुर्चीवर तलाठी, पुढ्यात गाव, आणि एकेक गट पुकारला जातोय. कुणाचं आडनाव गळालंय, कुणाच्या विहिरीची नोंद नाही, कुणाचा काका परलोकी जाऊनही कागदावर ज्वारी पेरतोय. जगातल्या कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीला याहून स्वस्त आणि याहून निर्दय तपासणी अजून सुचलेली नाही. सर्व्हरवरची खात्यांची यादी वर्षातून एकदा अशीच सगळ्यांसमोर वाचली, तर लेखापरीक्षकाला चहा पिण्यापलीकडे काम उरणार नाही.

पाचवा पुरावा विजेचा आणि वेळापत्रकाचा. शेतपंपाला ऑटो स्विच बसवलेला असतो. लाइट आली की मोटार आपोआप सुरू. एकाची झाली तर सोय, सगळ्या शिवाराची एकदम झाली की डीपी जळते आणि मग आठवडाभर ट्रॅक्टरमध्ये डीपी घालून फिरावं लागतं. सर्व्हरचंही असंच. डॉमिनोची जड कामं म्हणजे अनुक्रमणिका नव्याने लावणं, नोंदवह्या दाबून जागा मोकळी करणं. ती रात्रीच्या वेळी नेमायची असतात. पण रात्री कुणी जागं नसतं म्हणून एखादा उत्साही गृहस्थ ती सकाळी साडेनऊला आणतो, म्हणजे ‘डोळ्यांदेखत’ होतील. होतातही डोळ्यांदेखत, बाकी सगळं थांबतं. जिथे पंपाची लाइट रात्रपाळीला मिळते तिथल्या शेतकऱ्याला रात्री दाऱ्यावर जाण्याची हौस नसते, पण भार वाटून घ्यायचा असतो हे त्याला कळतं. वीज जाण्याचं शास्त्रही एएस/४०० ला ठाऊक आहे: यूपीएसवर किती वेळ तग धरायचा आणि मग शिस्तीत केव्हा मिटायचं हे त्याला आधी सांगून ठेवता येतं. ते सांगितलं नाही, किंवा घाईघाईत सर्व्हरचा गळा दाबला, तर पुढच्या वेळी उठताना तो एकेक नोंदवही तपासत बसतो. जेवणाऱ्याला ताटावरून ओढून उठवलं तर त्याने शिव्या द्याव्यात यात त्याचा काय दोष? बंद करायचं तर आधी निरोप द्यावा, लोकांना हात धुऊ द्यावेत आणि मग दिवा मालवावा. आणखी एक गोष्ट जागेची. या यंत्रात साऱ्या डिस्क वाड्यातल्या बळदासारख्या एकत्रच असतात. एकाने लग्नाचे व्हिडिओ टपालात साठवले की जागा सगळ्यांचीच जाते. नव्वद टक्के भरलं की यंत्र इशारा देऊ लागतं. तो इशारा शुभेच्छापत्र समजून पुसून टाकू नये.

सहावा पुरावा बॅकअपचा, आणि इथे हसणं जरा आवरतं घ्यावं लागतं. चालू डॉमिनोच्या फायली नुसत्या उचलून टेपवर टाकल्या तर तो बॅकअप होत नाही. पंगत चालू असताना भांडी मोजली तर आकडा कधीच बरोबर येत नाही. एक तर सर्व्हर थांबवावा, नाही तर चालू नोंदवह्या जतन करण्याची जी रीतसर सोय असते ती वापरावी. पण यापेक्षा मोठा प्रश्न परत वाचण्याचा आहे. अंबाजोगाईला संतकवी दासोपंतांची पासोडी आहे: सुमारे ४० फूट लांब, ४ फूट रुंद कापडावर लिहिलेला ग्रंथ. दासोपंत सतराव्या शतकाच्या आरंभी गेले, पण चारशे वर्षांनीही तो वाचता येतो, कारण लिपी डोळ्यांना दिसते आणि वाचायला यंत्र लागत नाही. याच्या उलट बाजू निजामकालीन दप्तरांची. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी २०२३ मध्ये मराठवाड्यातल्या जुन्या कुणबी नोंदी धुंडाळल्या गेल्या, तेव्हा गठ्ठे होते, कागद होते, पण त्यांतली मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं शोधत फिरावं लागलं. काही नोंदींसाठी तर थेट हैदराबाद गाठावं लागलं. टेपचं भविष्यही हेच आहे. आजचा ड्राइव्ह मागच्या एक-दोन पिढ्यांपलीकडची टेप वाचत नाही. कपाटात ओळीने मांडलेल्या टेप, त्यावर सुवाच्य तारखा, आणि ती वाचणारं यंत्र भंगारात, ही मोडी लिपीच की. तेव्हा बॅकअप घेतला म्हणून सही करू नये. त्यातून एक नोंदवही परत उभी करून दाखवली म्हणून सही करावी. आणि टेपची एक प्रत हैदराबादला असावी, म्हणजे आपल्या इमारतीबाहेर.

आता उरलेल्या हरकती. पहिली अशी, की सरकारी दप्तर हे दिरंगाईचं आगर, त्याची थोरवी कसली गाता? मी वेगाची थोरवी गात नाही, रचनेची गातो. फेरफाराला पंधरा दिवस लागतात म्हणून चरफडणारा माणूसच, आपली जमीन परस्पर दुसऱ्याच्या नावावर झाली नाही हे कळल्यावर त्या पंधरा दिवसांना दुवा देतो. दप्तर बिघडतं ते नियमामुळे नाही, नियमाला पळवाट शोधल्यामुळे. सर्व्हरही त्याच वाटेने बिघडतो. दुसरी हरकत तरुण मंडळींची: हे सगळं जुनं झालं, आता सगळं क्लाऊडवर टाकायचं. पर्जन्यछायेतल्या बीडच्या शेतकऱ्याला ढगांच्या भरवशावर राहायला सांगण्याचं धाडस माझ्यात नाही. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे हे खरं: क्लाऊडवर गेलं की डिस्क, यूपीएस आणि टेप या डोकेदुखी दुसऱ्याच्या माथी जातात. पण कोण आपला, कोण गेला, कुणी काय वाचावं आणि कुणी काय लिहावं, हे तो ढगवाला ठरवत नाही. ती यादी तुमचीच राहते. कपाट शेजारच्या वाड्यात ठेवलं तरी किल्ली कंबरेलाच असते. तिसरी हरकत अशी, की एखादा हुशार मुलगा नेमला की झालं. हुशार मुलगा जरूर नेमावा. पण तलाठ्याची बदली होते तेव्हा चार्ज यादी करून, मोजून, सह्या घेऊन दिला जातो. हुशार मुलगा पुण्याला जातो तेव्हा फक्त पेढे वाटतो.

म्हणून ज्यांच्या कोपऱ्यात असलं एखादं काळं यंत्र गुणगुणत असेल, मग त्यावर डॉमिनो असो की आणखी काही, त्यांना एकच विनंती. नवं सॉफ्टवेअर घेण्याआधी, सल्लागार बोलावण्याआधी, उद्या दुपारी खात्यांची आणि अधिकारांची यादी छापून घ्या आणि सगळ्यांना बोलावून मोठ्याने वाचा. निवृत्त झालेले, सोडून गेलेले आणि वारलेले त्यात निघतीलच. एका माणसाने लिहून घ्यायचं आणि दुसऱ्याने खाली सही करायची. चहा सांगून ठेवा. पहिल्या वाचनाला वेळ लागतो.